ऊस, नृत्य आणि प्रतिष्ठा
(धर्मापुरी येथील भाषण)

केदारेश्वराच्या चालुक्यकालीन मंदिरातील दगडी सुरसुंदरींचे सारेच कौतुक करतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांची लेझीम मात्र कोणाच्या खिजगणतीत नसते. त्रिनिदादमध्येही हेच घडले. उसाच्याच मळ्यांवर राबलेल्या गुलामांच्या वंशजांची नृत्ये तेथील प्रतिष्ठितांना रानटी वाटत. बेरिल मॅकबर्नी यांनी तीच नृत्ये तरुणांना शिकविली आणि १९४८ साली पोर्ट ऑफ स्पेन येथे ‘लिटल कॅरिब थिएटर’ उभारले. त्याची कोनशिला पॉल रोबसन यांनी बसविली. महाराष्ट्रात राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून सुधा वर्दे यांनी लोकनृत्याला असाच मान मिळवून दिला. श्रमिकाला भाकरी हवी, तशीच प्रतिष्ठाही हवी. येथील मुलांच्या हाती कोयता पडण्यापूर्वी पुस्तक आणि लेझीम पडली पाहिजे. हे काम कार्यकर्त्यांचेच आहे.