हलव्याचे दागिने

जालना म्हटलें कीं पोलाद, बियाणें आणि मोसंबी यांचें स्मरण होतें. परंतु संक्रांत जवळ आली म्हणजे कुंडलिकेकांठच्या या शहरांतील जुन्या वळणाच्या एखाद्या घरांत, मराठवाड्यांतील इतर घरांप्रमाणेंच, निराळा कारखाना सुरू झालेला आढळतो. मंद आंचेवर परात, परातींत मूठभर तीळ, शेजारीं साखरेचा पाक. आणि एवढ्या सामग्रींतून नव्या सुनेचा हार घडवावयाचा असतो.

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीस सुनेला काळी चंद्रकळा नेसवून हलव्याचे दागिने घालतात. लहान मुलालाहि बोरन्हाणाच्या दिवशीं मुकुट, बाजूबंद आणि बासरी मिळते. काळ्या वस्त्रावर पांढरा दाणा खुलतो, हें जिनें प्रथम हेरलें तिची रसिकता मानलीच पाहिजे.

हलव्याचें सारें वैभव त्याच्या कांट्यांत आहे. तीळ निवडून, धुऊन वाळवितात. बारीक दाण्यास खसखस, मोठ्या मण्यास साबुदाणा, लांबट घाटास लवंग घेतात. पाकांत थोडें दूध घालून वर आलेली मळी काढली म्हणजे तो स्वच्छ होतो. परात कोमट होतांच चमचाभर पाक सोडावयाचा आणि बोटांच्या अग्रांनीं दाणे सारखे फिरवीत राहावयाचें. पाक सुकून पांढरा पडला कीं पुन्हां चमचाभर. पाण्याचा अंश उडतो, साखरेचे स्फटिक दाण्यावर बसतात, पुढचा थर आधींच्या उंचवट्यांवर चढतो, आणि उंचवट्याचा कांटा होतो. पाक एकदम जास्त पडला तर ढेकळें होतात. आंच वाढली तर साखर पिवळी पडते. हवा दमट असेल तर कांटा उभाच राहत नाहीं. पौषांतील कोरडी थंडी या कामास मानवते ती यामुळेंच. तरीहि दोन-तीन दिवस सहज जातात, आणि बोटें भाजतात तीं निराळींच.

अशीच कांटेरी मिठाई पोर्तुगीजांनीं जपानांत नेली. १५६९ मध्यें लुईश फ्रोइश या धर्मोपदेशकानें ओदा नोबुनागा या सरदारास ती काचेच्या बरणींतून नजर केली. तिचें कोंपेइतो हें नांव पोर्तुगीज शब्दावरूनच आलेलें आहे.

आपल्याकडे दाण्याचा दागिना होतो तो दोऱ्याच्या बळावर. कडक दाण्यांतून सुई जात नाहीं. म्हणून दोऱ्याच्या फासांत एकेक दाणा आवळतात, आणि कांटेच तो फास धरून ठेवतात. बाजारी दागिन्यांत मात्र पुठ्ठा, तार आणि गोंद यांचा भरणा फार. ते अधिक शोभिवंत दिसतात खरे, पण खाण्याच्या कामाचे राहत नाहींत. मग ते साखरेचेच कशाला हवेत?

बोरन्हाणांत तर ही गोष्ट जिवावरची आहे. तान्हें मूल हातास लागेल तें तोंडांत घालतें. तारेचें टोंक टोंचतें. कडक दाणा किंवा बोराची आठोळी श्वासनलिकेंत अडकण्याचें भय असतें. म्हणून त्याच्या अंगावर दागिने थोडा वेळच ठेवावे, कोणीतरी जाणत्यानें शेजारीं बसावें, आणि बोरें, उसाचे करवे वेंचण्याचा आनंद मोठ्या मुलांस द्यावा.

हल्लीं घरगुती केकवर खऱ्यासारखे साखरेचे अलंकार मांडण्याची हौस वाढली आहे. तेथेंहि हलवा शोभतो. मात्र ओल्या सायीवर त्याचा कांटा विरघळतो, म्हणून केक कापण्याच्या अगदीं आधीं तो मांडावा. सुनेच्या हारास आंतून मलमलीचें अस्तर लावावें. सायंकाळीं हार उतरल्यावर दोरा कापून दाणे वाटींत काढतां येतात.