दारू सोडायची आहे, पण सुरुवात कुठून?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथे सगळे ‘सिस्टर’च म्हणतात, त्यामुळे ओळख करून देत नाही. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार वॉर्डात ३१ वर्षं नोकरी झाली. आजचा विषय मी निवडलेला नाही. सूचनापेटीत एक चिठ्ठी आली होती, खाली नाव नव्हतं. “मिस्टरांना दारू सोडायची आहे. ते स्वतःच म्हणतात. पण सुरुवात कुठून करायची?” एवढंच. चिठ्ठी कुणाची, हे शोधायला जाऊ नका. २५ वर्षांत आपण गळती, लिफ्ट आणि पार्किंगवर किती मिटिंगा घेतल्या! दारूवर एकच झाली, तीही गटारीनंतर गच्चीवर बाटल्या कुणी टाकल्या यावर.

तर त्या ताईंना पहिली गोष्ट सांगते. माणूस रोज आणि भरपूर पीत असेल, तर “आज रात्रीपासून बंद” असं घरच्या घरी करू नका. ऐकायला उलटं वाटेल. पण दारू मेंदूला मंद करते, आणि वर्षानुवर्षं रोज मंद केलेला मेंदू स्वतःचा वेग वाढवून घेतो. दारू अचानक काढून घेतली की तो वाढलेला वेग तसाच राहतो. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या ४८ तासांत काहींना फिट येते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जण भ्रमात जातात.

आमच्याकडे एक गृहस्थ असेच आले होते. आषाढीला माळ घातली आणि त्याच दिवशी दारू बंद केली. घरात आनंद. तिसऱ्या रात्री ते भिंतीवरच्या मुंग्या झटकायला लागले. मुंगी एकही नव्हती. बायकोला ओळखेनात. घरच्यांना वाटलं बाहेरची बाधा, म्हणून आधी देवऋषी झाला. चौथ्या दिवशी जीपमध्ये दोरीने बांधून आणलं, अंगात ताप, नाडी पळतेय. वाचले. पण हे जिवावर बेततं, बरं का. माळेचा दोष नव्हता, माळेबरोबर डॉक्टर हवा होता.

अधूनमधून पिणाऱ्याला हे होत नाही. सकाळी उठल्यावर हात थरथरतात, पहिला घोट घेतल्याशिवाय दाढी करता येत नाही, आधी कधी फिट आलेली आहे, अशा माणसाने डॉक्टरांना विचारूनच थांबवायचं.

कुठे जायचं? कुठल्याही सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. केसपेपर काढायचा आणि बसायचं. किंवा आपल्या फॅमिली डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. तिथे आकडा खरा सांगा. “थोडीशी घेतो” याला काही अर्थ नाही. क्वार्टर म्हणजे १८० मिली, रोज किती क्वार्टर ते सांगा. गोळ्यांचा डोस त्यावरच ठरतो. पहिल्या आठवड्यात मेंदूचा वेग हळूहळू खाली आणणाऱ्या गोळ्या देतात आणि कमी करत बंद करतात. सोबत बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. आपल्या लोकांचा आग्रह असतो, “अशक्तपणा आहे, ग्लुकोजची बाटली लावा.” पिणाऱ्याच्या शरीरात बी-वन आधीच कमी असतं. ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून कुठेही नेलंत तरी दारूचं लपवू नका.

आता दुसरा मुद्दा, आणि यावर मला राग येतो. “न सांगता दारू सोडवा” अशा जाहिराती भिंतींवर असतात. पुडी आणायची, भाजीत कालवायची. त्या पुडीत काय आहे, देव जाणे. डॉक्टरांकडे डायसल्फिरम नावाची गोळी आहे. ती घेणाऱ्याने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात, बीपी पडतं. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असं होऊ शकतं. जो माणूस जाणूनबुजून, संमतीने घेतो त्याला तिचा उपयोग होतो. चोरून दिली तर तो नेहमीसारखा पिणार आणि कोसळणार. वहिनी, सासूबाई, कुणीही सुचवलं तरी हे करू नका. ओढ कमी करणाऱ्या वेगळ्या गोळ्याही आता आहेत, त्या लिव्हरची तपासणी करून देतात.

पहिला आठवडा गेला म्हणजे फक्त शरीर स्वच्छ झालं. माणूस घरी येतो, संध्याकाळचे सात वाजतात, आणि करायचं काय ते कळत नाही. इथे सोबत लागते. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने. सुरुवात गर्दच्या रुग्णांसाठी होती, पुढे दारूचे रुग्णही मोठ्या संख्येने आले. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस तर १९३५ पासून आहे. फी नाही, पूर्ण नाव सांगावं लागत नाही, मराठीतही सभा होतात. घरच्यांसाठी अल-ॲनॉन वेगळं. नवरा तयार नसला तरी बायकोने एकटीने तिथे जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुन्हा प्यायला तर? होतं असं, पुष्कळांचं होतं. आमच्याकडे तिसऱ्यांदा भरती झालेले लोक पुढे वर्षानुवर्षं कोरडे राहिलेले मी पाहिलेत. लगेच डॉक्टरांकडे परत न्यायचं. “बघ, म्हटलं नव्हतं?” हे वाक्य तेवढं गिळायचं.

नोकरीत कळेल अशी भीती सगळ्यांना असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणारे मानसिक विकार येतात, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. मेडिक्लेमबद्दलही त्यात तरतूद आहे, पॉलिसी काढून बघा.

आज लगेच कुणाशी बोलायचं असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि टेलि-मानसचा १४४१६. दोन्हींना पैसे पडत नाहीत. आता प्रश्न विचारा. ज्यांना इथे विचारायचं नसेल त्यांनी संध्याकाळी पाचनंतर घरी या. बेल वाजवू नका, नातू झोपलेला असतो, दारावर टकटक करा.