देवळाबाहेरचे अंगण
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण झाला, कळस चढला, सभामंडपाला नवी फरशी बसली. ज्यांनी पैसा दिला त्यांचे आणि ज्यांनी घाम गाळला त्यांचेही अभिनंदन करावे तेवढे थोडेच आहे. परंतु गावचे देऊळ म्हणजे केवळ गाभारा आणि शिखर नव्हे. देवळापुढचा पार, पारावरची सावली, शेजारची तालीम, यात्रेचे मैदान, पालखीची वाट आणि वाटेवरचा पाण्याचा आड, एवढे सगळे मिळून आपल्याकडे देऊळ होत असे. दिवसभर राबलेला माणूस संध्याकाळी तेथे येऊन घटकाभर टेके, पोरेसोरे खेळत, म्हातारी माणसे गप्पा मारीत. म्हणून कळस चढल्यावर या बाहेरच्या अंगणाचाही विचार व्हावा, हे उचित होय.

येवले हे विणकरांचे गाव. पैठणी विणणारा कारागीर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि दिवसभर त्याची नजर रेशमाच्या तारेवर खिळलेली असते. एका हाताच्या अंतरापलीकडे पाहण्याची त्याला सवड नसते. अशा माणसाला मोकळे आकाश किती प्रिय असेल, हे सांगावयास नको. संक्रांतीचे तीन दिवस येवल्यात काय होते ते पाहावे. भोगी, संक्रांत आणि कर या तीन दिवशी अवघे गाव माळवदांवर आणि गच्च्यांवर चढते. गुजरातशी असलेल्या रेशमाच्या जुन्या व्यापारी नात्याबरोबर पतंगाचाही नाद येथे रुजला. पण येवलेकरांनी त्याला आपले रूप दिले. बांबूच्या कामट्यांची आसारी ही येवल्याची खास ओळख. आसारीवर दोरा गुंडाळणे ही एक कलाच आहे, आणि ती घराघरांत आजोबांकडून नातवाकडे जाते. पतंग कटला की हलकडी कडाडते आणि साऱ्या आळीत आरोळी उठते. त्या गच्चीवर मालक कोण आणि कारागीर कोण, हे कोणी विचारीत नाही.

मात्र या आनंदाला अलीकडे एक विष लागले आहे, ते नायलॉनच्या मांज्याचे. सुती दोरा ताण बसला की तुटतो. नायलॉन तुटत नाही, तो कापतो. रस्त्याने दुचाकीवर जाणाऱ्याचा गळा आणि घरट्याकडे परतणाऱ्या पाखराचा पंख, दोन्ही त्याला सारखेच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर या मांज्यावर बंदी घातली. पण कायदा प्रत्येक गच्चीवर जाऊन उभा राहू शकत नाही. तेथे घरातले वडीलधारेच उभे राहिले पाहिजेत. आसारीचा मान राखायचा असेल, तर तिच्यावर सुती दोराच शोभतो.

आता गच्चीवरून खाली उतरून वाटेला लागू. नवरात्रात कोटमगावच्या जगदंबेच्या दर्शनाला येवल्याहून पहाटे निघालेली माणसांची रांग कोणी पाहिली नाही? अंतर तीन किलोमीटरांच्या आसपास. अनेक जण अनवाणी जातात, लेकुरवाळ्या बायाही जातात. कित्येक भाविक नऊ दिवस देवीच्या दारी घटी बसतात. हे सर्व श्रद्धेने होते, यात शंका नाही. पण पहाटेचा वारा, दुतर्फा उभी पिके, वाटेत भेटलेल्या सोयऱ्यांशी झालेले बोलणे, हाही त्या दर्शनाचाच प्रसाद आहे. आपल्या पूर्वजांनी सहलीला वेगळे नाव दिले नाही. तिला ते जत्रा म्हणत, वारी म्हणत.

येवला-मनमाड रस्त्याने जाताना दोन जोडीचे डोंगर लक्ष वेधून घेतात. ते अणकाई आणि टणकाई होत. आपल्या तालुक्याचे हे खरे वैभव. मुंबई-पुण्याचे तरुण पाठीवर पिशव्या बांधून हे किल्ले पाहण्यासाठी रात्रीच्या गाडीने येतात, आणि पायथ्याच्या परिसरात जन्म काढलेल्या कित्येकांनी गडाची पहिली पायरीही चढलेली नसते! दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. त्याच मार्गावर अणकाईचे स्टेशन आहे. अणकाई गावातून वर निघाले की आधी टणकाईच्या अंगाला कोरलेली जैन लेणी लागतात. त्यांत दुमजली लेणेही आहे. दाराच्या चौकटींवरील बारीक नक्षी, इंद्र आणि अंबिका यांच्या मूर्ती पाहताना छिन्नी धरणाऱ्या त्या अनाम हातांची आठवण होते. आज मंदिराचे काम करणाऱ्या पाथरवटांचे ते पूर्वजच म्हणावयाचे.

लेण्यांपासून वर गेले की दोन डोंगरांमधली खिंड येते. तेथून अणकाईची वाट एकामागून एक दरवाजे ओलांडीत, कातळातल्या पायऱ्यांनी वर जाते. सुरत आणि औरंगाबाद यांच्यामधल्या जुन्या व्यापारी वाटेवर या किल्ल्याची नजर असे. १६३५ मध्ये तो मोगलांनी घेतला. १८१८ मध्ये इंग्रजांची तुकडी तोफा घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा लढाई न होताच तो त्यांच्या हाती गेला. माथ्यावर अगस्ती ऋषींचे स्थान आहे आणि कातळात पाण्याचे मोठे टाके आहे. वनवासात श्रीराम येथे अगस्तींना भेटले, असे परिसरातील लोक सांगतात. वर उभे राहिले की एका बाजूला मनमाड, जवळच हडबीच्या शेंडीचा सुळका आणि दुसरीकडे येवल्याचा मोकळा माळ, असे सर्व एका दृष्टिक्षेपात येते. चढायला दीड-दोन तास पुरतात. सकाळी लवकर निघावे, पाणी बरोबर न्यावे, पावसाळ्यात पायऱ्यांवर जपून चालावे. आणि नेलेली रिकामी बाटली परत आणावी. लेण्यांच्या भिंतीवर आपले नाव कोरण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे, की ज्यांनी ती लेणी कोरली त्यांनी स्वतःचे नाव कोठेही मिरवलेले नाही.

तालुक्याच्या ईशान्येला राजापूर, ममदापूर, खरवंडी, देवदरी हा टापू लागतो. पाऊस कमी, जमीन हलकी, झाडी विरळ. परक्याला वाटावे, येथे पाहण्यासारखे काय असणार? पण याच गवताळ माळावर काळविटांचे कळप नांदतात. गडद रंगाचा, पिळदार शिंगांचा नर आणि त्याच्यामागून उड्या घेत जाणाऱ्या बदामी रंगाच्या माद्या. हे दृश्य सकाळी किंवा दिवस मावळताना पाहावे. ममदापूरचे सुमारे ५४ चौरस किलोमीटरांचे क्षेत्र शासनाने संवर्धन राखीव म्हणून घोषित केले आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने काळविटाला पूर्ण संरक्षण आहे.

पण या सौंदर्याची किंमत कोण देतो, हेही सांगितले पाहिजे. कळप शेतात उतरला की मक्याचे, हरभऱ्याचे कोवळे पीक जाते, आणि ते कोरडवाहू शेतकऱ्याचे जाते. उन्हाळ्यात पाणवठे आटले की पाण्याच्या शोधात निघालेली हरणे विहिरीत पडतात, गाडीखाली येतात, कुत्र्यांच्या तावडीत सापडतात. तेव्हा त्यांना दोराने बाहेर काढणारेही तेच शेतकरी असतात. म्हणून तेथे पाहुणा म्हणून जाणाऱ्याने गाडी माळावर घालू नये, कळपाचा पाठलाग करू नये, आणि त्या गावच्या माणसांशी अदबीने वागावे.

पाखरांची आवड असणाऱ्यांसाठी शेजारच्या निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा झाला. गाळ साचला, उथळ पाणी पसरले आणि दूरदेशीची पाखरे हिवाळ्यात उतरू लागली. १९८६ साली ते अभयारण्य झाले आणि २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची जगाच्या नकाशावर नोंद झाली. पाण्यासाठी बांधलेली गोष्ट पाखरांचे घर झाली. चांगले काम केले की त्याचे फळ कोठवर जाते, हे करणाऱ्यालाही ठाऊक नसते.

शेवटी आणखी एका मैदानाचे नाव घेतल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही. ते म्हणजे येवल्याची मुक्तिभूमी. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून १९३० साली सुरू झालेला सत्याग्रह काही वर्षे चालला, पण दार उघडले नाही. त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, ती याच येवल्यात. दरवर्षी त्या दिवशी दूरदूरची माणसे तेथे येतात. देवळाचे नवे दार बसवताना त्या बंद दाराची आठवण ठेवणे हे प्रत्येक गावकऱ्याचे कर्तव्य आहे. नव्या दाराला कुलूप किती भक्कम बसवले, यापेक्षा ते कोणाकोणासाठी उघडते, यावर त्या दाराची शोभा ठरते.

तेव्हा देणगीदारांना विनंती एवढीच. देवळासमोरची जी जागा उरली आहे, ती उरलेली म्हणू नये. ती राखलेली आहे. तिच्यावर गाळे काढून भाडे मिळेल, हे खरे. पण मुलांना पतंग उडवायला, म्हाताऱ्यांना टेकायला आणि वाटसरूला थांबायला जागा भाड्याने मिळत नाही. तेथे चार वडा-पिंपळांची रोपे लावावीत आणि ती जगवावीत, पाण्याची टाकी ठेवावी, गुरापाखरांसाठी एक डोणी ठेवावी. शाळेच्या मुलांना वर्षातून एकदा अणकाईवर आणि एकदा ममदापूरच्या माळावर न्यावे. यासाठी फार मोठा निधी लागत नाही.

भिंतीचा जीर्णोद्धार शंभर वर्षांतून एकदा करावा लागतो. अंगणाचा मात्र रोज, झाडू हातात घेऊन, करावा लागतो. हे काम गावकरी मनावर घेतील, असा विश्वास व्यक्त करून हे भाषण येथे पूर्ण होते.