एक दप्तर, दोन हात

(घोडेगाव येथे जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय यंत्रज्ञांचा आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे. संगणकाच्या पोटात काय चालते, हे मला नोकरीच्या ओघात आणि थोड्या ठेचा खाऊनच कळले. म्हणून व्याख्येऐवजी एका प्रसंगापासून आरंभ करतो. गावाचे नाव सांगत नाही.

प्रसिद्धीच्या कामासाठी मी एका ग्रामपंचायतीत गेलो होतो. तेथे नमुना ९ ची मागणी नोंदवही, म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टीच्या बाकीचा हिशेब, संगणकातील एकाच फाइलमध्ये ठेवलेला होता. त्या फाइलवर दोन स्वतंत्र आज्ञावली चालत. वसुलीची आज्ञावली लिपिकाच्या टेबलावर होती. नावे-पत्ते दुरुस्त करून दाखले काढण्याची आज्ञावली शेजारच्या खोलीत होती. एक वृद्ध बाई दाखल्यासाठी आल्या होत्या. त्यांची बाकी बाराशे रुपये होती, त्यांपैकी सातशे त्यांनी आधीच भरले होते आणि उरलेले पाचशे भरण्यास त्या तयार होत्या. पडदा मात्र बाराशेच दाखवीत होता. बाई पदराच्या गाठीतून पावती काढून पुनःपुन्हा पुढे करीत होत्या. संशय अर्थातच लिपिकावर गेला, आणि तो बिचारा निर्दोष होता.

घडले होते ते असे. ज्या वेळी लिपिक सातशेची नोंद घेत होता, त्याच वेळी शेजारच्या खोलीत त्याच बाईंचा घरक्रमांक दुरुस्त केला जात होता. दोन्ही आज्ञावलींनी बाराशे बाकीची ओळ आपापल्या स्मरणात उचलून घेतली होती. लिपिकाने पाचशे बाकी लिहून ओळ परत ठेवली. मिनिटभराने दुसऱ्या खोलीतून नवा घरक्रमांक आणि जुनेच बाराशे असलेली ओळ तिच्यावर येऊन बसली. दोघांनीही आपापले काम चोख केले होते, तरी नोंद खोटी ठरली. आणि कोठेही धोक्याची घंटा वाजली नाही.

हे केवळ सातशे रुपयांचे प्रकरण आहे, असे कोणी समजू नये. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ अन्वये, मागणी केल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्यत्वास अपात्र ठरू शकतो. येथे बसलेल्या सदस्यांना याचा अर्थ सांगण्याची गरज नाही.

आता कोणी विचारील की, एकच वही अनेकांनी पाहण्यात गैर ते काय? पाहण्यात फारसे गैर नाही. आपल्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापणे यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. दोन हजार वर्षांत तो किती जणांनी पाहिला असेल! त्यास काही झाले नाही, कारण त्यावर दुसरे कोणी लिहीत नाही. (झीज झाली, ती ऊनपावसाची.) फाइलचे दुखणे सुरू होते ते दुसरा हात लिहू लागला म्हणजे. शिवाय एकाचे लिहिणे चालू असता दुसऱ्याने वाचले, तर त्याच्या हाती अर्धेच वाक्य पडते.

बहुतेक आज्ञावली यासाठी फाइलला कुलूप लावतात. काही वेळा मूळ फाइलशेजारी कुलपाची एक लहानशी फाइल उमटते. ती अडगळ समजून पुसून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. एका संगणकावर ही कुलपे बरे काम करतात. पण फाइल एका यंत्रावर आणि आज्ञावली दुसऱ्यावर असली, की कुलूप लागल्याचा निरोप पोहोचेलच याची शाश्वती राहत नाही. भीमाशंकरच्या अंगाला आषाढ-श्रावणात वीज गेली आणि तार तुटली, म्हणजे लिहिणे अर्ध्यावर थांबते. मग रक्कम नवी पण अनुक्रमणिका जुनी, अशी फाइल मागे उरते आणि ती पुढे उघडतसुद्धा नाही. दोन आज्ञावली दोन वेगळ्या कंत्राटदारांच्या असल्या तर आणखी एक संकट असते. एकाने नवा रकाना घातला, की दुसऱ्याची आज्ञावली जुन्या समजुतीने लिहीत राहते.

याहून मोठा दाखला आपल्या सातबाराचा आहे. पूर्वी गावचे दप्तर तलाठ्याच्या, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या, एकट्याच्या हाती असे. त्याचे दोष होते. पण लिहिणारा कोण, याविषयी संदिग्धता नव्हती. संगणकीकरणाच्या काळात हस्तलिखित सातबारा आणि संगणकीय सातबारा शेजारी शेजारी आले, आणि दोहोंत फरक आढळू लागले. ते मिटविण्यासाठी २०१७ साली गावोगाव चावडीवाचन करावे लागले. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला.

या व्यवस्थेतील एक गोष्ट मला विशेष शहाणपणाची वाटते. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले गेले, तरी त्याची आज्ञावली सातबारावर स्वतः लिहीत नाही. ती केवळ खबर धाडते. जमीन महसूल संहितेच्या कलम १५४ मध्ये नोंदणी अधिकाऱ्याने कळवावयाचे आहे, तेच काम आता संगणक करतो. मग कलम १५० प्रमाणे फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीची मुदत जाते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि तेव्हा कोठे सातबारा बदलतो. विलंबाबद्दल शेतकरी कुरकुरतात, ते खोटे नाही. तथापि दोन कार्यालयांनी एकाच उताऱ्यावर लेखणी चालविली असती, तर कोणाची ओळ खरी, हे ठरविण्यास दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागली असती.

ग्रामपंचायतीत अथवा शाळेत हेच करता येते. फाइलजवळ एकच आज्ञावली बसवावी; बाकीच्यांनी तिच्याकडे मागणी करावी, फाइलला परस्पर हात लावू नये. शाळेचे जनरल रजिस्टर पेनड्राइव्हवर घेऊन दोन गुरुजींनी दोन घरी भरणे, हाही त्याच रोगाचा प्रकार होय. राखीव प्रत घेतानाही सावध असावे. आज्ञावली चालू असता फाइल नुसती उचलून ठेवली, तर ताज्या नोंदी कधी कधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्येच राहतात आणि प्रत अपुरी निघते. प्रत आज्ञावलीच्याच सोयीने घ्यावी, आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी.

त्या ग्रामपंचायतीत अखेर पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती काढून वर्षभराची वसुली ओळीने ताडून पाहण्यात आली. त्यास आठ दिवस लागले, आणि अशाच आणखी काही नोंदी सापडल्या. बाईंनी नवव्या दिवशी पाचशे रुपये भरले आणि दाखला नेला. शेजारच्या खोलीतील आज्ञावली आता फाइलवर लिहीत नाही. पत्त्याची दुरुस्ती कागदाच्या चिठ्ठीवर लिपिकाकडे जाते.