पाठ टेकल्यावर सुरू होणारी विद्या



आपल्या आखाड्यात पाठ मातीला लागली की कुस्ती संपते. ब्राझीलच्या जिउ-जित्सूत पुष्कळदा ती तेथूनच रंगू लागते. जपानी जूदोपटू मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोहोचले. त्यांच्याकडून ही विद्या ग्रेसी घराण्यात गेली व तेथे वाढली.

ती अंगवळणी पडण्यास किती काळ लागतो, असे तरुण आम्हांस विचारतात. पट्टे पाच: पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी व काळा. आठवड्यातून दोनतीनदा सराव केल्यास निळ्यास बहुधा दीड-दोन वर्षे लागतात, काळ्यास दहाच्या आसपास.

परंतु आमच्या मते प्रावीण्याची पहिली खूण पट्टा नव्हे. आरंभीचे काही महिने नवशिक्या श्वास कोंडून नुसते बळ खर्चितो आणि हात थोपटून हार मानतो. त्यात कमीपणा नाही. वेळीच थोपटल्याने सांधा वाचतो आणि उद्याचा सरावही. खाली दबलेला असतानाही ज्या दिवशी श्वास संथ राहतो व सुटकेची वाट दिसते, त्या दिवशी विद्येचा उंबरठा ओलांडला असे समजावे.

म्हणून पालकहो, ‘पट्टा केव्हा?’ असे विचारू नये. ‘आज कितीदा सुटलास?’ असे विचारावे.