चार गाड्या, दोन फलाट

श्रोत्यांनी एक रेल्वे-स्थानक डोळ्यांसमोर आणावे. चार गाड्यांपैकी केवळ लागोपाठच्या दोन-दोन काही काळ एकत्र थांबतात. रिकाम्यांपैकी सर्वांत लहान क्रमांकाचा फलाट द्यावयाचा, हा नियम. आगमनक्रमाने वाटल्यास दोन फलाट पुरतात; नवा उघडतो तो आधीचे सारे त्या क्षणी भरलेले असतात म्हणूनच. परंतु वेळापत्रक आखणाऱ्याने प्रथम पहिली व चौथी घेतली, तर दोघींना पहिला फलाट, दुसरीला दुसरा आणि तिसरीला निष्कारण तिसरा!

गणितज्ञ गाड्यांना बिंदू, एकत्र थांबण्याला रेषा व फलाटांना रंग म्हणतात. लागोपाठचेच तेवढे जोडलेले असे चार बिंदू ज्या आकृतीत कोठेही नाहीत, तेथे कोणताही क्रम चालतो, हे क्रिस्टेन व सेल्को यांनी १९७९ साली दाखविले. उत्तम क्रम प्रत्येक आकृतीत असतोच. गाड्यांचा घड्याळ सांगते. सर्वसाधारण आकृतीत तो हुडकणे मूळ कोड्याइतकेच बिकट.