तूट कोणीं भरावयाची?

घरखर्च मिळकतीबाहेर गेला म्हणजे गृहस्थापुढें दोनच मार्ग उरतात : मिळकत वाढवावी किंवा हात आखडता घ्यावा. तिसरी वाट सावकाराच्या दाराची. परंतु तिनें प्रश्न मिटत नाहीं, केवळ पुढें ढकलला जातो. सरकारचीही स्थिति बरीचशी अशीच असते. फरक एवढाच कीं, सरकारला आपली मिळकत दुसऱ्याच्या खिशांतून वाढवितां येते. या फरकावरूनच १८६० सालीं आपल्या देशांत दोन बड्या अंमलदारांचें भांडण जुंपलें होतें. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

१८५७ चा उठाव मोडण्यांत हिंदुस्थान सरकारचा खजिना रिता झाला. तीन वर्षांची तूट मिळून तीन कोटि पौंडांवर, म्हणजे त्या काळच्या दरानें तीस कोटि रुपयांवर गेली. तिच्यासाठीं काढलेलें कर्ज हिंदुस्थानच्याच माथीं बसलें. ज्यांच्याविरुद्ध फौज लढली, त्यांनींच तिचा पगार भरावयाचा, असा तो हिशेब!

ही घडी बसविण्यासाठीं विलायतेहून जेम्स विल्सन यांस पाठविण्यांत आलें. हे गृहस्थ मूळचे टोप्यांचे कारखानदार. पुढें ‘इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाचे संस्थापक झाले. १८ फेब्रुवारी १८६० रोजीं कलकत्त्यास त्यांनीं अंदाजपत्रक मांडलें व प्राप्तीवर कर सुचविला. सालिना दोनशें रुपयांखालील प्राप्तीस माफी. दोनशें ते पांचशेंपर्यंत शेंकडा दोन. त्यावर शेंकडा चार. दोनशें रुपये सालिना म्हणजे दरमहा सतरा रुपयेही नव्हेत. कचेरींतला साधा कारकूनसुद्धां या जाळ्यांत सांपडला.

मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांना हें मुळींच रुचलें नाहीं. आधीं फौजेचा खर्च उतरवा, मग नव्या कराची गरजच उरणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें. एवढ्यावर न थांबतां त्यांनीं आपला विरोध वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध केला आणि गव्हर्नरीस मुकले! इकडे विल्सनही ११ ऑगस्ट रोजीं अतिसारानें कलकत्त्यास वारले. त्यांच्या कराचा अंमल सुरू होऊन तेव्हां महिनाही उलटला नव्हता.

या वादांत मला ट्रेव्हेल्यन यांचा पक्ष अधिक खरा वाटतो. पुढें तूट हटली, ती मुख्यतः फौज कमी केल्यानें. शिवाय अफूचें उत्पन्न होतें, आणि अमेरिकेंतील यादवीमुळें आपल्या मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६२-६३ सालीं जमेची बाजू वर आली. तथापि विल्सन यांच्या बाजूनेंही एक गोष्ट सांगितली पाहिजे. रयत शेतसारा भरीतच होती. व्यापारी, वकील व बडे पगारदार यांच्यावर मात्र तोंपर्यंत फारसा बोजा नव्हता. त्यांच्या थैलीला हात घालणारा हा कर होता, आणि म्हणूनच त्याविरुद्ध ओरडही मोठी झाली.

याच सुमारास मुंबई इलाख्यांत मिठावरील करही १८५९ व १८६१ असा दोनदां वाढला. त्याची ओरड तितकी कोणाच्या कानीं गेली नाहीं. मीठ खाणाऱ्या गरिबाचें वर्तमानपत्र कोठें होतें?

ट्रेव्हेल्यन १८६३ सालीं परत आले, तेही अर्थखात्याचे प्रमुख म्हणून. १८६५ सालीं प्राप्तीवरील कराची मुदत संपली आणि तो बंद झाला. १८८६ सालीं तो पुन्हां आला, तो आजतागायत आहे. मिठावरील कर मात्र मध्यंतरीं कधींच थांबला नाहीं. तो १९४७ सालीं गेला.